समुद्रातल्या कचऱ्यापासून स्विमसूट: खरंच, की नुसतं लेबल?

पाणकोंबडी (धागाकर्ती)

आठवड्यातून चार दिवस पोहते. गेली तीन वर्षं एकच स्विमसूट वापरला. परवा आरशाकडे पाठ करून मान वळवली तेव्हा कळलं, मागचं कापड इतकं विरलंय की पलीकडचं दिसतंय. शेजारच्या लेनमधल्या मंडळींनी इतके दिवस सभ्यपणे मौन पाळलं, त्यांचे आभार मानू की त्यांना जाब विचारू, ते ठरत नाहीये.

तर नवा घ्यायचाय. शोधायला बसले तर दर दुसऱ्या सूटवर 'समुद्रातल्या प्लास्टिकपासून', 'मासेमारीच्या जाळ्यांपासून', 'पुनर्वापर केलेल्या नायलॉनपासून'. फोटोत हमखास एक कासव. कासवाबद्दल मला आकस नाही, पण हे लोक खरंच समुद्रातून कचरा काढून कापड विणतात का? विणलंच तर ते क्लोरीनमध्ये टिकतं का? कचऱ्याचं कापड दिवसभर अंगाला चिकटून राहिलं तर कातडीला काही होत नाही ना? व्यायामाच्या टाइट्सवरही हल्ली हेच लिहिलेलं असतं, त्याबद्दलही सांगा. जाणकारांनी धाग्यावर धाग्याबद्दल लिहावं ही विनंती.

शंकासुर

पहिला! कासव दिसलं की मी पाकीट घट्ट धरतो. बाकी जाणकार बोलतीलच.

धागेदोरे

माझी नोकरी सूतनिर्मितीतली, त्यामुळे राहवत नाही. लांबेल, आधीच माफी.

'समुद्रातला कचरा' या दोन शब्दांखाली बाजारात निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यातली सगळ्यात ऐकलेली म्हणजे इकोनिल. ॲक्वाफिल नावाच्या इटालियन कंपनीचं हे सूत, २०११ पासून आहे. मुख्य प्रक्रिया स्लोव्हेनियात ल्युब्लियानाच्या कारखान्यात होते. कच्चा माल मासेमारीची आणि मत्स्यशेतीची जुनी जाळी, जुन्या गालिच्यांचा वरचा लव असलेला भाग, आणि कारखान्यांतलं उरलंसुरलं नायलॉन. नीट वाचा: जाळी हा त्यातला *एक* घटक आहे. आणि जाळ्यांमधलीही बरीचशी समुद्राच्या तळातून काढलेली नसतात. वापरून संपलेली जाळी थेट मच्छीमारांकडून आणि मत्स्यशेतीवाल्यांकडून घेतली जातात. मला यात काही गैर वाटत नाही, उलट जाळं पाण्यात पडायच्या आधी उचललेलं केव्हाही बरं. फक्त जाहिरातीतलं चित्र वेगळं असतं.

आता गंमत. इकोनिल हे नायलॉन ६ या जातीचं, आणि नायलॉन ६ म्हणजे एकाच प्रकारच्या मण्यांची माळ. मण्याचं नाव कॅप्रोलॅक्टम. उष्णता आणि वाफ वगैरे वापरून दोरा तोडला की मणी सुटे होतात, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचे आणि पुन्हा ओवायचे. रंग, घाण, मीठ सगळं मागे राहतं. म्हणून यातून आलेलं सूत आणि खनिज तेलापासून केलेलं कोरं नायलॉन ६ यांत गुणाने फरक राहत नाही. नायलॉन ६६ मध्ये दोन प्रकारचे मणी आलटून पालटून असतात, तिथे हे इतकं सरळ जमत नाही.

पॉलिएस्टरचं प्रकरण निराळं. ते बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्यांपासून येतं. बाटल्या धुवायच्या, कातरून चिप्स करायच्या, वितळवायच्या आणि बारीक भोकांतून ओढून सूत काढायचं. इथे माळ तुटत नाही, नुसती वितळते, आणि दर वितळवणीला थोडी थोडी आखूड होते. युनिफाय कंपनीचं रिप्रीव्ह सूत हे मुख्यतः बाटल्यांचं. टाइट्स आणि टीशर्ट यांत बहुधा हेच सापडेल.

शंकासुर

म्हणजे बाटली घरातून कचरापेटीत, कचरापेटीतून कारखान्यात, कारखान्यातून माझ्या टाइट्समध्ये. समुद्र कुठे आला यात?

धागेदोरे

कधी कधी येतच नाही! नुसतं 'रीसायकल केलेलं पॉलिएस्टर' म्हटलं तर समुद्राचा दावाच नसतो, कासव फोटोग्राफरने आणलेलं असतं.

मग एक मधला शब्द आहे: समुद्राच्या वाटेवरचं प्लास्टिक. २०१५ साली जेना जॅम्बेक आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. २०१० या एका वर्षात किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेलं असावं, असा त्यांचा अंदाज. त्यासाठी त्यांनी किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांचा, नीट विल्हेवाट न लागलेला कचरा धरला होता. पुढे व्यापाऱ्यांनी तोच ५० किलोमीटरचा पट्टा उचलला. त्या पट्ट्यात वाऱ्यावर सोडलेली बाटली 'समुद्राच्या वाटेवरची' ठरते, मग तिने आयुष्यात समुद्र पाहिला नसला तरी.

आदिदासने पार्ले (बिस्किटवाले नव्हेत, समुद्र वाचवण्यासाठी काम करणारी Parley ही संस्था) हिच्याबरोबर जे 'ओशन प्लास्टिक' वापरलं तेही किनारे आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्यांमधून, समुद्रात जाण्याआधी अडवलेलं. हे ते स्वतःच सांगतात, लपवत नाहीत. नाव मात्र ओशन प्लास्टिक.

शंकासुर

वरातीला निघालेल्याला नवरा म्हणण्यासारखं झालं हे.

खारावारा

शंकासुर, हसलो, पण थोडं थांबा. मी हौशी पाणबुडा आहे. टाकून दिलेली जाळी काढणाऱ्या गटाबरोबर काही वेळा खाली गेलोय. खरोखर समुद्रातून येणारं जाळं कसं असतं ते सांगतो, म्हणजे खऱ्या समुद्रातल्या मालाचे आकडे इतके लहान का असतात ते कळेल.

नायलॉनची घनता १.१४ च्या आसपास, समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. म्हणजे नायलॉनचं जाळं बुडतं. बुडतं आणि एखाद्या बुडालेल्या जहाजावर नाहीतर खडकावर अडकून बसतं, आणि तिथे मासेमारी चालूच ठेवतं, मालक नसताना. मी पाहिलेल्या पहिल्या जाळ्यात खेकडे होते, काही जिवंत. त्यांना सोडवायला येणारे मासेही त्यातच. (सोडवायला नाही, खायला. पण पाण्याखाली माणूस हळवा होतो.)

चाकूने कापायचं, कापलेला तुकडा हवेच्या पिशवीला बांधायचा, पिशवीत हवा भरायची की तो वर जातो. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात पहिला काप दिला की गाळ उठतो आणि स्वतःचा हातही दिसत नाही. आपल्याच टाकीचा नळ जाळ्यात अडकू शकतो. म्हणून जोडी सोडायची नाही हा नियम. दोन दोन डुबक्यांत जे निघतं ते वर आल्यावर पाहिलं तर शिंपले, कालवं, शेवाळ, शिशाच्या गोळ्या, दोरखंड, तरंगायचे फ्लोट. त्यातलं नायलॉन ६ किती? वेगळं केल्यावर निराशा होते. दोर पॉलिप्रोपिलीनचे, काही जाळी पॉलिथिनची, ती या प्रक्रियेला चालत नाहीत.

हेल्दी सीज नावाचा उपक्रम २०१३ पासून याच कामात आहे. पाणबुडे जाळी काढतात आणि त्यातलं चालण्याजोगं नायलॉन ॲक्वाफिलकडे जातं. काम खरं आहे. पण त्या कामावर जगभरचे स्विमसूट शिवून निघतील हे शक्य नाही, आणि कुणी तसं सुचवत असेल तर ती थाप आहे.

तरंगणारा कचरा म्हणाल तर पॅसिफिकमधल्या त्या प्रसिद्ध कचरापट्ट्याचा २०१८ चा अभ्यास सांगतो की तिथल्या प्लास्टिकच्या वजनात ४६ टक्के मासेमारीची जाळी होती. बाटल्या आणि स्ट्रॉ फोटोत येतात, वजन जाळ्यांचं.

दोन_बोटं_पाण्यात

मी वाचनमात्र सभासद, पोहायला येत नाही, पण खारावारांचा प्रतिसाद वाचून कपाळावर घाम आला. वेगळा धागा काढा.

शिवण_टिपण

+१, खारावारा, वेगळा धागा हवाच.

पाणकोंबडीताई, मी स्वतःचे पोहण्याचे कपडे शिवते. कापड घेताना ताग्यावरची टक्केवारी वाचायची सवय लागली, त्यातून एक सांगते. कार्व्हिको या इटालियन गिरणीचं 'व्हिटा' नावाचं कापड शिवणाऱ्यांत खूप चालतं. त्यात ७८ टक्के इकोनिल, २२ टक्के इलॅस्टेन (रबरासारखं ताणलं जाणारं सूत, लायक्रा म्हणतात ते). म्हणजे ज्याला सगळे 'पुनर्निर्मित' म्हणतात त्या कापडाचाही पाचवा हिस्सा कोरा. आणि हे *चांगलं* उदाहरण, कारण गिरणी आकडा सांगते.

त्यावर अस्तर, कप, इलॅस्टिक, शिवणीचा दोरा. ते कशाचे, हे लेबलवर नसतंच.

पाणकोंबडी

मग १०० टक्के रीसायकल केलेलं लिहितात ते?

शिवण_टिपण

बाहेरच्या कापडातलं नायलॉन १०० टक्के, इतकाच त्याचा अर्थ. इलॅस्टेन धरलं की गणित बदलतं. वाक्य खोटं नसतं, अर्धं असतं.

धागेदोरे

अनुमोदन. अजून एक आकडा: सीक्वल म्हणून जे पॉलिएस्टर सूत येतं त्यात समुद्रातून गोळा केलेलं प्लास्टिक सुमारे १० टक्के, उरलेलं सुमारे ९० टक्के जमिनीवरच्या वापरलेल्या बाटल्यांचं. हेही ते उघड सांगतात. कारण साधं आहे. समुद्रात बरीच वर्षं ऊन, मीठ आणि लाटा खाल्लेलं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, त्यातून एकट्याने बारीक सूत ओढायला गेलात तर ते तुटतं. चांगल्या मालात मिसळावं लागतं.

मास्तर_पाण्यातले

उशिरा आलो, तलावावर होतो. गेली कित्येक वर्षं पोरांना पोहायला शिकवतोय, तेव्हा कचरा-समुद्र वगैरे तुम्ही बघा, मी टिकण्याबद्दल बोलतो.

बाई, चार दिवस क्लोरीनमध्ये तीन वर्षं एक सूट? त्या सूटला हार घाला. माझ्याकडची मुलं वर्षात दोन संपवतात.

सूट मरतो तो नायलॉनमुळे नाही, इलॅस्टेनमुळे. क्लोरीन इलॅस्टेनला खातं. आधी सैल पडतो, मग बसायच्या जागी झिरझिरीत होतो, मग शेजारच्या लेनला दिसतो. नायलॉन कचऱ्यातलं असो की कोरं, इलॅस्टेन तेच, त्यामुळे मरण तेच. क्लोरीनला जास्त तोंड देणारं इलॅस्टेन मिळतं, त्याने आयुष्य वाढतं, अमर होत नाही.

रोज तलावात उतरणाऱ्याने पीबीटी बघावं. हे पॉलिएस्टरचंच भावंड, त्याच्या धाग्यात स्वतःचीच थोडी लवचीकता असते, म्हणून इलॅस्टेन न घालता सूट होतो. अंगाला नायलॉनइतका मऊ लागत नाही, पहिल्या दिवशी पोरं कुरकुरतात. पण रंगही टिकतो आणि आकारही. माझ्या पाहण्यात नायलॉनच्या सूटच्या कितीतरी पट टिकतो.

आणि काळजी. उतरायच्या आधी शॉवरखाली सूट साध्या पाण्याने भिजवा, आधीच भिजलेलं कापड क्लोरीनचं पाणी कमी पितं. बाहेर आल्यावर लगेच धुवा, घरी जाईपर्यंत पिशवीत बोळा करून ठेवू नका. पिळू नका, दाबून पाणी काढा. उन्हात नाही, सावलीत. ड्रायर नाही, फॅब्रिक सॉफ्टनर नाही. तलावाच्या खरखरीत काठावर बसू नका, तिथूनच गोळे धरतात. गरम पाण्याच्या टबात तर चांगला सूट घालूच नका.

दोन_बोटं_पाण्यात

मास्तर, ते ऑलिंपिकवाले अंगभर सूट घालायचे ते कशाचे होते?

मास्तर_पाण्यातले

२००८-०९ चा तो तमाशा. पॉलियुरेथिन चढवलेले सूट होते, विक्रमांचा पाऊस पडला. जानेवारी २०१० पासून बंदी आली, आता फक्त विणलेलं कापड, पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंत. गंमत म्हणजे इलॅस्टेन हेही पॉलियुरेथिनचंच कुळ. असो, अवांतर झालं.

फिरकी

मला स्विमसूटचं नाही, व्यायामाच्या कपड्यांचं विचारायचंय. एक, धुताना प्लास्टिकचे तंतू पाण्यात जातात म्हणतात ते रीसायकल केलेल्या कापडातून कमी जातात का? दोन, पॉलिएस्टरच्या टीशर्टला दोन महिन्यांत जो वास लागतो, जो धुऊनही जात नाही, तो मलाच येतो की सगळ्यांना?

धागेदोरे

वास सगळ्यांना येतो, निश्चिंत राहा. २०१४ साली गेंट विद्यापीठात २६ जणांना तासभर सायकल चालवायला लावून त्यांचे टीशर्ट हुंगवले होते. पॉलिएस्टरला सुतीपेक्षा वाईट वास, आणि त्यावर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू जोमाने वाढलेले. पॉलिएस्टर घामातलं पाणी धरत नाही पण तेलकट भाग धरून ठेवतं. त्यात रीसायकल केलेलं आणि कोरं असा भेद नाही, पदार्थ एकच.

तंतूंचंही तेच. पदार्थ तोच असल्यामुळे रीसायकल शब्दाने झडणं थांबत नाही. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगात ६ किलोच्या एका धुण्यातून पॉलिएस्टरचे सुमारे ४ लाख ९६ हजार आणि ॲक्रिलिकचे ७ लाखांहून जास्त तंतू निघू शकतात असा हिशेब आला. घाबरण्याआधी लक्षात घ्या, फरक विणीने पडतो. लवदार, फुगीर कापड (फ्लीस वगैरे) आखूड तंतूंचं असेल तर जास्त झडतं. स्विमसूट आणि टाइट्स सलग लांब धाग्याच्या, घट्ट विणीच्या असतात, त्या कमी झडतात. नवं कापड पहिल्या काही धुण्यांत सर्वात जास्त झडतं. थंड पाणी, कमी वेळ, मशीन भरलेलं, किंवा बारीक जाळीच्या पिशवीत घालून धुणं, एवढं आपल्या हातात.

म्हणजे बाटल्यांपासून फ्लीस करून ते दर आठवड्याला धुणं हा सौदा मला व्यक्तिशः पटत नाही. बाटली होती तेव्हा निदान एका जागी पडून होती. बाटलीची पुन्हा बाटली करता येते, ते चक्र पुन्हा पुन्हा फिरतं. तिचा टीशर्ट झाला की प्रवास बहुधा तिथेच संपतो.

शंकासुर

थांबा, म्हणजे हे समुद्रातून काढलेलं नायलॉन, इतकं शुद्ध करून, मणी ओवून, सूट झाल्यावर मग पुन्हा सुटं करता येतं ना?

धागेदोरे

तत्त्वतः हो. व्यवहारात २२ टक्के इलॅस्टेन घट्ट गुंफलेलं असतं, ते वेगळं काढणं अवघड आणि महाग. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांत वापरलेल्या मालापैकी १ टक्क्याहूनही कमी माल परत कपड्यांत येतो. जाळ्याचा सूट झाला, सूटचा पुन्हा सूट मात्र सहसा होत नाही. तो कचऱ्यात जातो.

शंकासुर

हे कासवाच्या फोटोखाली बारीक अक्षरात तरी लिहायला हवं.

खारावारा

तरीही मी म्हणेन, जुन्या जाळ्याला काहीतरी भाव आला की ते पाण्यात फेकण्याऐवजी काठावर आणायला मच्छीमाराला कारण मिळतं. ब्युरिओ नावाची कंपनी चिलीत मच्छीमारांकडून अशीच जाळी घेते. आधी स्केटबोर्ड केले, मग ते नायलॉन जॅकेट आणि टोप्यांत गेलं. मला हा भाग स्विमसूटपेक्षा महत्त्वाचा वाटतो. तळातून जाळं काढताना मला दर वेळी एकच विचार येतो, हे वरच अडवलं असतं तर मी इथे गाळ खात नसतो.

पाणकोंबडी

कातडीचं राहिलं. आणि प्रमाणपत्रांचं काय? लेबलवर गोल गोल चिन्हं असतात.

धागेदोरे

इकोनिलसारख्या प्रक्रियेत माल रेणूपर्यंत सुटा होऊन शुद्ध होतो, त्यामुळे 'कचरा अंगाला लागेल' ही भीती काढून टाका. मत्स्यशेतीच्या जाळ्यांना शेवाळ धरू नये म्हणून तांब्याचा लेप असतो, तोही आधी काढतात. त्रास झालाच तर रंग आणि वरच्या रसायनांमुळे होईल, तो कोऱ्या कापडातही होऊ शकतो. त्यासाठी ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० बघा, ते घातक रसायनांची तपासणी सांगतं. रीसायकलबद्दल मात्र ते काहीच सांगत नाही, लोक इथेच गल्लत करतात.

रीसायकलसाठी जीआरएस, म्हणजे ग्लोबल रीसायकल्ड स्टँडर्ड. प्रमाणपत्राला निदान २० टक्के रीसायकल माल लागतो, कपड्यावर चिन्ह लावायचं तर ५० टक्के. माल *कुठून* आला, समुद्रातून की गल्लीतून, हे त्या चिन्हावरून कळत नाही.

पाणकोंबडी

धाग्याचा समारोप नाही, प्रगती सांगते.

मला आवडलेल्या सूटच्या विक्रेत्याला पत्र लिहिलं. तीन प्रश्न: सूत कोणतं, त्यात समुद्रातून आलेला माल किती टक्के, इलॅस्टेन किती. सहा दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातीला समुद्रावरच्या प्रेमाचा एक परिच्छेद, मग पॉलिएस्टर, 'किनारपट्टीवर गोळा केलेलं', इलॅस्टेन १८ टक्के. टक्केवारीच्या प्रश्नाला 'आमचे पुरवठादार सर्व निकष पाळतात'. पुन्हा विचारलं, तर कासवाची इमोजी आली. शंकासुर, खरंच आली.

तर तलावासाठी पीबीटीचा, अजिबात कासव नसलेला सूट मागवलाय. मास्तर म्हणतात तसा पहिल्या दिवशी टोचला. वर्षातून एकदा समुद्रावर जाते त्यासाठी जुन्यालाच मागच्या बाजूने अस्तर लावता येईल का ते बघतेय. शिवण_टिपण, विरलेल्या कापडावर टाका धरेल का?

शिवण_टिपण

विरलेल्या भागात टाका धरणार नाही, त्याच्या बाहेर चांगल्या कापडात धरा. स्ट्रेच सुई लावा, साधी सुई धागे तोडते आणि ओळीने भोकं पडतात. टाका झिगझॅग, बारीक. अस्तर चारही बाजूंना ताणलं जाणारं घ्या, नाहीतर वाकल्यावर टर्रकन उसवेल. पायाजवळचं इलॅस्टिक सैल पडलंय का ते आधी बघा, पडलं असेल तर तेही आत्ताच बदला. स्विमवेअरचं रबरी इलॅस्टिक घ्या, साधं विणलेलं क्लोरीनमध्ये महिनाभरात गळतं. रुंदी किती आहे सध्याची?

पाणकोंबडी

मोजून सांगते. ओला आहे आत्ता.